पटाआधी बैलाचे अंग मोकळे करा

या सदरात बहुधा माणसांच्या दुखण्यांविषयी लिहिले जाते. अधूनमधून जनावरांसाठीही ही जागा मिळते आणि तेव्हा ती माझ्या वाट्याला येते. गेल्या पंधरवड्यात तिवसा तालुक्यातील एका वाचकाचे पत्र आले. अक्षर सुबक, मजकूर दोन पाने भरून. त्यांच्याकडे पटाची जोडी आहे. ते विचारतात, "पटात सोडण्याआधी बैल गरम कसा करावा? कोणी सांगतो दारू पाजा, कोणी सांगतो शेपटी पिरगळा, कोणी सांगतो अंडी आणि तूप द्या. खरे काय ते वर्तमानपत्रातून सांगावे, म्हणजे आमच्या गावातले वाद मिटतील."

वाद मिटतील की नाही ते सांगता येत नाही. पण प्रश्न चांगला आहे, आणि थंडीच्या दिवसांत तो फार बैलांच्या पायांशी निगडित आहे.

आपल्या वऱ्हाडात कापूस घरात आला, तूर सोंगून झाली की पटांचे दिवस सुरू होतात. धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या तळेगाव दशासरच्या शंकरपटाचे नाव तर विदर्भाबाहेरही सर्वांना ठाऊक आहे. मधली काही वर्षे हा खेळ बंद होता. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, तरी प्रकरण न्यायालयात अडकून राहिले. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. अटींमध्ये जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, हजार मीटरपेक्षा जास्त अंतर नाही, आणि काठी, चाबूक, विजेचा झटका यांपैकी काहीही वापरायचे नाही, असे सारे आहे. या अटी आपण नीट पाळल्या नाहीत तर पुन्हा कोणी न्यायालयाचे दार ठोठावणार हे उघड आहे. असो. आजचा विषय कायद्याचा नाही, अंगाचा आहे.

पत्रातला 'गरम' हा शब्दच मुळात घोटाळ्याचा आहे. पटावर गेलात तर ऐकाल, "डाक्टर सायेब, बैल कसा तापून राह्यला पाहा, सुटला तं हाती येनार नाई!" पाहावे तर बैलाचे डोळे पांढरे झालेले, नाकपुड्या फुगलेल्या, अंग थरथरते आहे, शेण पातळ पडते आहे. चार माणसे वेसण धरून उभी आणि मागे दोघे डबा बडवत आहेत. हा बैल तापलेला नाही, घाबरलेला आहे. भीतीने काळीज जोरात धडधडते, रक्तात उत्तेजक रस सुटतो, हे खरे. पण खुंट्याला तासभर जखडून ठेवलेल्या त्याच्या मांडीचे स्नायू सकाळी होते तितकेच थंड असतात. म्हणजे आत घाई भरली आहे आणि पाय अजून झोपेत आहेत. दुखापतीला याहून सोयीची स्थिती दुसरी नाही.

स्नायू गरम होतो तो काम केल्याने. बैल चालू लागला की स्नायू जी शक्ती खर्च करतात तिचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही कमी हालचालीत जातो, बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते. ही उष्णता वाया जात नाही. तिच्यामुळे स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या उघडतात, रक्त त्यांच्याकडे वळते, आणि कोमट स्नायूला रक्तातला प्राणवायू अधिक सहज मिळतो. मज्जातंतूंचा निरोप लवकर पोचतो. स्नायू आणि हाडाला बांधणारे दोर थोडे लवचीक होतात. सांध्यांतले वंगण पातळ होऊन सगळीकडे पसरते. हिवाळ्यात शिशीतले खोबरेल तेल गोठते, ती शिशी उन्हात ठेवल्यावर जो फरक पडतो तसेच काहीसे समजा. ज्यांच्याकडे विहिरीवर जुने डिझेल इंजिन होते त्यांना वेगळे सांगायला नको. जानेवारीच्या पहाटे हँडल मारून इंजिन चालू झाले की शहाणा माणूस लगेच पट्टा चढवीत नव्हता. चार मिनिटे मोकळे फिरू देत असे.

माणसांच्या बाबतीत हे आपल्याला पटलेले आहे. अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवायला इथली मंडळी गेली होती. व्यायामशाळेत पहिल्याच दिवशी पोराला कोणी थेट मल्लखांबावर चढवत नाही. आधी धावायला लावतात, अंग मोडायला लावतात. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर पळणारी मुले पाहा, तीही आधी दोन फेऱ्या हळू मारतात. बैलाला मात्र आपण टेम्पोतून उतरवतो, पाणी दाखवतो आणि जुंपतो.

कुत्र्यांच्या शर्यतींचीही हीच कथा आहे. लंडनच्या क्रफ्ट्स या श्वान प्रदर्शनात १९७८ साली प्रथमच कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीचा खेळ दाखवला गेला. आडव्या दांड्यांवरून उड्या, बोगद्यातून धाव, वळणे, सगळे घड्याळ लावून. पुढे हा खेळ जगभर पसरला, आणि खांदे व पाठ दुखावलेली कुत्री दवाखान्यांत येऊ लागली. आता तिथले जाणते मालक पाळी येण्याआधी कुत्र्याला दहा-पंधरा मिनिटे चालवतात, दुडक्या चालीने फिरवतात, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळणे घ्यायला लावतात, खालच्या दांडीवरून एक-दोन उड्या मारू देतात आणि मगच मैदानात नेतात. पाय हातात धरून ओढून ताणण्याची पद्धत त्यांनी बहुतेक सोडली, कारण थंड स्नायू ओढल्याने फायद्यापेक्षा इजाच संभवते. वीस किलोच्या कुत्र्याला जे लागते ते चारशे किलोच्या बैलाला लागणार नाही, असे मानायला काही आधार नाही.

माझ्या नोकरीच्या काळातली एक गोष्ट सांगतो. ती मला अजून टोचते. जानेवारीचा महिना, एका गावचा पट. तपासणीसाठी मी हजर होतो. पहाटे हवेत चांगलाच गारवा, शेकोट्या पेटलेल्या. एक जोडी दूरच्या गावाहून टेम्पोतून आली. तीन-साडेतीन तासांचा प्रवास, दोन्ही बैल आखूड दाव्याने बांधलेले. चिठ्ठीत त्यांचा नंबर अगदी वर निघाला. मालक घाईला आलेला, आयोजक घाईला आलेले, आणि खरे सांगायचे तर मीही घाईला आलेला होतो, कारण माझ्यापुढे रांग लागली होती. मी बैलाला उभ्याउभ्याच तपासले. डोळे, नाक, तापमान, खांदे, खूर. सारे ठीक होते. चालवून पाहिले नाही. सही केली.

बैल सुटला आणि पहिल्या काही पावलांतच त्याचा मागचा पाय किंचित बाहेर सरकला. प्रेक्षकांना कळलेही नाही, कारण जोडी तशीच पुढे गेली. शेवटच्या खुणेशी पोचल्यावर मात्र तो बैल तीन पायांवर उभा राहिला. मांडीच्या मागचा स्नायू फाटला होता. दुसऱ्या दिवशी तिथे नारळाएवढी सूज आली. तीन महिने विश्रांती, शेक, औषधे, सारे झाले. स्नायू भरून आला, पण कडक गाठ धरून. तो बैल पुढे पटाला तर नाहीच, तिफणीलाही नीट चालला नाही. मालक भला माणूस होता. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दोन वर्षांनी मी त्या गावी गेलो तेव्हा बैल गोठ्यातच होता, लंगडत माझ्याकडे आला आणि त्याने माझा हात चाटला. मी त्याला त्या सकाळी वीस पावले चालवून पाहिले असते तर त्याची आखडलेली चाल मला दिसली असती. त्यानंतर बैल चालवून पाहिल्याशिवाय मी सही केली नाही. रांगेतल्या लोकांनी बोल लावले ते लावले.

आता अंग मोकळे कसे करायचे ते. यातले बरेचसे मी पुस्तकातून नव्हे, एका म्हाताऱ्या धुरकऱ्याकडून शिकलो. त्यांना लिहिता वाचता येत नव्हते, पण त्यांचे बैल बारा-चौदा वर्षांचे होईपर्यंत धडधाकट राहत.

प्रवास असेल तर पटाच्या वेळेआधी किमान दोन तास पोचा. टेम्पोतून उतरवताना बैलाला उडी मारायला लावू नका. मातीच्या उंचवट्याला किंवा बांधाला गाडीचा फाळका लावून उतरवा. टेम्पोत बैल सतत चारही पाय रोवून तोल सांभाळत असतो, त्यामुळे न चालताही त्याचे पाय दमलेले असतात. उतरल्यावर त्याला मोकळे उभे राहू द्या. तो अंग ताणतो, लघवी करतो, एखादे वेळी बसतो. बसू द्या. थोडे पाणी द्या. थंडी असेल तर पाठीवर झूल किंवा गोणपाट टाका. ज्याला आपण नुसती शोभेची वस्तू समजतो ती झूल इथे खरोखरच कामाची आहे.

पाळीच्या साधारण अर्ध्या तासाआधी पहिली दहा मिनिटे बैलाला कासऱ्याने नुसते चालवा. न जुंपता, सरळ, मऊ जमिनीवर. डांबरी रस्त्यावर नको. या दहा मिनिटांत तुमचे लक्ष त्याच्या पायांकडे असावे. कोणता पाय आखूड पडतो, कोणता खूर घासतो, मान कुठे खाली-वर होते हे इथेच कळते. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकवताना बैल डोके वर उचलतो. मागे उभे राहून पाहिले तर दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा अधिक वर-खाली होताना दिसतो. मग मोठ्या गोलात डावीकडून आणि उजवीकडून फिरवा. दोन्ही बाजूंनी, कारण जोडीत नेहमी एकाच बाजूला जुंपलेला बैल एका अंगाने ताठ झालेला असतो. चार पावले मागे सरकवा. मागे सरकताना पुठ्ठा आणि गुडघे वाकतात, सरळ चालण्यात ते तेवढे वाकत नाहीत.

मग जुंपा. रिकामी छकडी, पाच मिनिटे चालीने. जू खांद्यावर नीट बसले का ते इथे पाहा. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी तूप-हळद लावून बैलांचे खांदे शेकतात. वर्षातून एकदा देवासारखे पुजलेले तेच खांदे पटाच्या दिवशी हात लावून पाहायला मात्र आपण विसरतो. गाठ, ओल किंवा दुखरा चट्टा असेल तर बैल जू टाळण्यासाठी वाकडा धावतो आणि वाकडे धावणे पायाला भोवते.

त्यानंतर दुडक्या चालीने शंभर-दीडशे मीटर, मध्ये थोडे चालवून पुन्हा तेवढेच. शेवटी एक छोटी धाव, जोरात पण पूर्ण वेगाने नव्हे, पन्नासेक पावलांची. सगळे मिळून वीस-पंचवीस मिनिटे होतात. याहून जास्त नको. पटाची धाव काही सेकंदांची असते. त्यासाठी लागणारी शक्ती स्नायूंत साठवलेली असते, ती सरावातच उडवून टाकली तर पाळीला काय उरणार?

अंग मोकळे झाले हे ओळखायचे कसे? म्हातारा धुरकरी शिंगाच्या बुडाशी आणि कानाच्या मुळाशी हात लावून पाहायचा. थंडीत गार लागणारे कान चालल्यावर ऊबदार लागतात. मी त्याला थोडी जोड देतो. शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूला दोन बोटे ठेवली की नाडी लागते. शांत उभ्या बैलाची ती मिनिटाला साधारण पन्नास ते सत्तर असते. मोकळे झाल्यावर ती वाढलेली हवी, पण दोन-तीन मिनिटांत खाली येऊ लागली पाहिजे. श्वास भराभर चालावा, मात्र तोंड बंद असावे. तोंड उघडून, जीभ बाहेर काढून बैल धापा टाकत असेल तर तो मोकळा झालेला नाही, दमलेला आहे. पाऊल लांब पडू लागते हीच सर्वांत खरी खूण. सुरुवातीला मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या मागे पडत असेल आणि पंधरा मिनिटांनी ठशावर पडू लागला, तर समजावे काम झाले.

आणि पाळी लांबली तर? आपल्या पटात ती लांबतेच. पाहुणे येतात, भाषणे होतात, सत्कार होतात. ऊब पंधरा-वीस मिनिटांत ओसरू लागते. म्हणून बैल बांधून ठेवू नका. झूल टाकून हळूहळू चालवत राहा, आणि नाव पुकारल्यावर पुन्हा एकदा दुडकी चाल करून घ्या. आयोजकांना एक विनंती आहे. जोड्यांना फिरवण्यासाठी धावपट्टीपासून थोड्या अंतरावर, लाऊडस्पीकर आणि गर्दीपासून दूर, एखादे मोकळे वावर राखून ठेवा. याला पैसा लागत नाही.

आता पत्रातल्या उपायांकडे वळू. दारू अजिबात नको. तिने कातडीकडच्या रक्तवाहिन्या सैल होतात, अंग वरून गरम लागते आणि आतली उष्णता उलट बाहेर जाते. तोल जातो, दुखरी जागा कळेनाशी होते. शिवाय नळकांडे तोंडात घालून, मान वर करून जबरदस्तीने काहीही पाजले की ते श्वासनळीत जाण्याची भीती असते. तेल, तूप, दूध, काढा, कशालाही हेच लागू आहे. बैलाला ठसका लागला आणि दोन दिवसांनी ताप चढला, खाणे सुटले, की फुप्फुसाचा दाह झाला असे समजा. असे कितीतरी बैल मी गमावलेले पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी मालक शपथेवर सांगत होता की औषध चांगलेच होते. औषध चांगले असेलही, ते चुकीच्या नळीत गेले होते.

अंडी आणि तुपाविषयी एवढेच सांगतो की सकाळी दिलेले तूप सकाळच्या धावेला उपयोगी पडत नाही. बैलाच्या पोटाचा पहिला कप्पा मोठ्या कोठीसारखा असतो. त्यात शंभर लिटरच्या आसपास ऐवज मावतो आणि तिथे सारे आधी आंबते, मग पुढे जाते. ही कोठी डाव्या बाजूला असते आणि ठासून भरली की फुप्फुसाखालच्या पडद्यावर दाब देते. म्हणून पटाच्या दिवशी पहाटे हलका कडबा द्या, ढेप आणि ज्वारीचे पीठ नको. ताकद येईल म्हणून आदल्या रात्री दोन-चार किलो धान्य एकदम घातले तर पोटात आम्ल वाढून बैल मरूसुद्धा शकतो. उपाशीही ठेवू नका. पाणी तोडणे हा तर निव्वळ अघोरीपणा आहे. थोडे थोडे पाणी शेवटपर्यंत चालते.

शेपटी पिरगळल्याने मणके निखळतात, मोडतात. असे वाकडे, गाठाळ शेपूट घेऊन फिरणारे बैल आपल्याकडे काही कमी नाहीत. कायद्याने तो गुन्हा आहेच, पण त्याने पायही मोकळे होत नाहीत. वेदनाशामक सुई टोचून लंगडता बैल पटात उतरवण्याचा प्रकारही चालतो. वेदना हा बैलाचा पहारेकरी आहे. त्याला झोपवले की दुखरा पाय पूर्ण जोर लावतो आणि तुटतो. (यातले डायक्लोफेनॅक हे औषध जनावरांसाठी वापरायला २००६ पासून बंदी आहे. ते टोचलेले जनावर मेल्यावर गिधाडांनी खाल्ले तर गिधाडे मरतात. आपल्या भागातली गिधाडे कुठे गेली असे विचारणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे.)

काही बैलांना कितीही फिरवले तरी पटात उतरवू नये. लाळ्या-खुरकुतातून उठलेल्या जनावरांपैकी काहींची उष्णता सोसण्याची शक्ती कायमची जाते. केस लांब, रखरखीत होतात आणि थोड्या उन्हात धाप लागते. असा बैल शेतात सावकाश काम करील, पण धावायला लावला तर कोसळेल. २०२२ मध्ये लंपीची साथ आली तेव्हा शर्यती थांबवाव्या लागल्या होत्या. त्या रोगात पायांना सूज येते आणि बैल बरा दिसला तरी अंगात ताकद यायला महिने लागतात. अशा बैलाला पुन्हा धावायला लावण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

उन्हाचे एक वेगळे प्रकरण आहे. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि मार्चमध्येच दुपार तापू लागते. त्या दिवसांत स्नायू ऊबदारच असतात, सांधे मात्र फिरवावे लागतात. तेव्हा सावलीत दहा मिनिटांची चाल आणि एक दुडकी फेरी पुरे, झूल नको. बैलाचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. धावेनंतर ते वाढते आणि हळूहळू उतरते. ते १०५च्या पुढे गेले, बैल झोकांड्या देऊ लागला, तर सावलीत नेऊन सगळ्या अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टरांना बोलवा. तापलेल्या बैलावर पाणी ओतले की तो आखडतो हा समज सोडून द्या, अशा वेळी पाणीच त्याला वाचवते.

धाव संपल्यावर बैलाला गर्दीत उभा करून गुलाल उधळण्याआधी दहा-पंधरा मिनिटे हळू चालवा. जोरात धावताना स्नायूंत जी आम्लता साचते ती चालण्याने लवकर धुऊन निघते. श्वास शांत झाला की पाणी, आणि तासाभराने चारा. संध्याकाळी मांड्या, पुठ्ठे, खूर यांवरून हात फिरवा. एखादी जागा गरम किंवा दुखरी लागली तर पहिल्या दिवशी गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, शेक नको. शेकाची वेळ दोन-तीन दिवसांनी येते.

आता पत्रलेखकांसाठी. पत्राच्या अगदी शेवटी, ताजा कलम म्हणून, त्यांनी एक ओळ लिहिली आहे. "डाव्या बाजूचा बैल सकाळी उठल्यावर मागचा उजवा पाय मागे ताणून ओढतो, मग झटका देऊन सोडतो, चालल्यावर ठीक होतो." दोन पानांच्या पत्रातली मला ही एकच ओळ महत्त्वाची वाटली. तुमच्या बैलाच्या गुडघ्याची वाटी अडकत असावी. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर ही वाटी वर-खाली सरकते. तिचा आतल्या बाजूचा बंध हाडाच्या उंचवट्यावर अडकला की पाय वाकत नाही, ताठ मागे राहतो आणि खुराचे टोक जमिनीवर घासते. खुराचे टोक झिजले आहे का ते पाहा. हा विकार आपल्याकडच्या बैलांत नेहमी आढळतो आणि थंडीत वाढतो. चालल्यावर तो दिसेनासा होतो म्हणून फिरवून पटात उतरवण्याचा मोह होतो. पूर्ण वेगात असताना वाटी अडकली तर बैल पडेल, जोडीचा दुसरा बैल त्याच्यावर पडेल, आणि छकडीवर तुमच्या घरचेच कोणी पोर असेल.

यावर मालिश किंवा फिरवणे हा उपाय नाही. तो अडकणारा बंध कापण्याची एक छोटी शस्त्रक्रिया असते. जागा बधिर करून ती थोड्या वेळात होते आणि बहुतेक बैल त्याच दिवशी मोकळा पाय टाकू लागतो. तालुक्याच्या पशुचिकित्सालयात विचारा. तिथे सोय नसेल तर अकोल्याच्या पशुवैद्यक व पशुविज्ञान पदव्युत्तर संस्थेत न्या. जाताना बैलाला सकाळी फिरवून नेऊ नका. रात्रभर बसून उठलेला, तसाच आखडलेला घेऊन जा, म्हणजे डॉक्टरांना दोष डोळ्यांनी पाहता येईल. जखम भरेपर्यंत गोठा कोरडा ठेवा आणि पुन्हा कधी जुंपायचे ते त्यांनाच विचारा. या हंगामातले पट त्याच्यासाठी संपले असे धरून चाला. उजव्या बाजूच्या बैलाला नवा जोडीदार मिळेपर्यंत त्यालाही रोज अर्धा तास चालवत राहा.